सॅन्टनचे नाताळ

"प्रीतल, आज तेवढं तुझ्या सॅन्टनला मारून टाक ना," अश्लेषा म्हणाली आणि माझ्या टेबलावरच्या चिवड्याचा एक बोकणा भरून पुढे गेली. अश्लेषा माझी मॅनेजर. आमच्यात असंच बोलतात. खातं गोठवायचं असलं की "याला फ्रीज कर", कर्ज थकवायचं असलं की "त्याला बुडव", आणि गिऱ्हाईक वारल्यावर त्याच्या खात्याचं काय होतं ते बघायचं असलं की कोणाला तरी मार. आम्ही माणसं मारतो, त्यांची लग्नं लावतो, त्यांना दिवाळखोर करतो आणि मग चहाला जातो. पोटापाण्याचा धंदा आहे, कोणाला त्यात काही वाटत नाही. मलाही इतकी वर्षं वाटलं नव्हतं. पण त्या शुक्रवारी माझा हात माउसवर तसाच राहिला. कारण सॅन्टन हे माझ्या बापाचं नाव आहे, सोमवारी त्याला बायपाससाठी दवाखान्यात भरती करायचं होतं, आणि तो यायला काही तयार नव्हता.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटेल बाईचं डोकं फिरलंय. आमची कंपनी मोठी आहे. बँकांना लागणारं सॉफ्टवेअर ती करते, आफ्रिकेतल्या, आखातातल्या, कुठल्याकुठल्या बँका ते विकत घेतात. अंधेरीला काचेची इमारत, आत शिरायला गळ्यात कार्ड, आणि आत इतकी थंडी की मे महिन्यात मी स्वेटर घालून बसते. माझं काम तपासणीचं. सॉफ्टवेअर बँकेच्या हाती पडण्याआधी ते मी जितक्या वाईट प्रकारे वापरता येईल तितकं वापरून बघायचं. त्यासाठी खोटी गिऱ्हाइकं लागतात. नोकरीला लागले त्या पहिल्या आठवड्यात आम्हाला प्रत्येकाला एकेक गिऱ्हाईक तयार करायला सांगितलं होतं. शेजारच्या मुलाने नाव टाकलं टेस्ट वन, पलीकडचीने एबीसी. शिकवणारे सर म्हणाले, असं नाव घ्या जे तुम्ही विसरणार नाही. मी टाकलं: सॅन्टन, धंदा मासेमारी, राहणार पाचूबंदर, वसई. टेस्ट वन आणि एबीसी पहिल्याच साफसफाईत उडाले. सॅन्टन राहिला, कारण मी त्याच्यावर लक्ष ठेवून असायची. नवीन काही आलं की त्याला पहिलं मिळायचं. बचत खातं झालं, मुदत ठेव झाली, घराचं कर्ज, गाडीचं कर्ज, दोन कार्डं, लॉकर. असं करत करत तो आमच्या मजल्यावरचा सगळ्यात श्रीमंत माणूस झाला. हैदराबादच्या ऑफिसातून मेल यायच्या, सॅन्टनला वापरू का दोन दिवस. मी परवानगी द्यायची. पण हा माणूस खरा आहे, पाचूबंदरला ओट्यावर जाळं शिवत बसलेला असतो, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आधी लाज वाटली. मग इतके दिवस गेले की आता कुठे सांगायचं असं झालं.

घरी मात्र पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पप्पा तेव्हा अजून तांडेल होता, होडी घेऊन जायचा. आयुष्यात त्याने बँकेची पायरी चढलेली नाही. पैसे आईच्या ट्रंकेत, आणि ट्रंकेची किल्ली आईच्या कमरेला, एवढीच त्याची बँक. त्याला वाटलं, कंपनीने खरंच त्याचं नाव कुठेतरी लावलंय. मी समजावलं की खोटं आहे, खेळण्यातलं आहे, तर तो म्हणाला, "खोटं आसलं म्हनून काय झालं, नाव तर माजंच हाय ना." तेव्हापासून रोज संध्याकाळी मी चपला काढते न काढते तोच त्याचा प्रश्न: "आज माजं काय झालं?" आणि मी सांगायचं. आज तू घर घेतलंस पप्पा, तीन बेडरूमचं. कुठं? नैरोबीत. तिथं बंदर हाय? नाही. मग इकून टाक. आणि दुसऱ्या दिवशी मी खरोखर ते घर विकून टाकलं, नाहीतरी कर्ज मुदतीआधी फेडायची तपासणी बाकीच होती. एकदा त्याचा पिन तीनदा चुकून कार्ड बंद पडल्याचं सांगितलं तर दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. "मी कशाला चुकंन? त्यांच्या मशीनचंच कायतरी आसंल." बंदरावर लिलावाला बसलेली माणसंही विचारायला लागली, सॅन्टन, आज कुठलं कर्ज काढलंस रे. शेजारचा जॉन तर एकदा त्याच्याकडे जामीन मागायला आला होता, थट्टेने, पण पप्पाने त्याला बसवून घेतलं आणि सांगितलं की पोरीला विचारून सांगतो. मी दिवसभर ज्या आकड्यांना कंटाळलेली असायची, तेच संध्याकाळी त्याला सांगताना मला गोड वाटायचे. खरं सांगायचं तर ती नोकरी मी निम्मी त्या ओट्यावरच केली.

गेल्या पावसाळ्यानंतर पप्पा अचानक बोलका झाला. बंदरावरून घरी येताना वाटेत थांबायचा, जाळी वाळत घालणाऱ्या बाईला विचारायचा, बोंबील कसे गेले. पुढे थांबून कोणाच्या तरी पोराला विचारायचा, शाळेत जातोस का. पुढच्या वळणावर होडीच्या फळीवर हात ठेवून कोणाशी तरी हवापाण्याच्या गोष्टी. लोक म्हणाले, सॅन्टन म्हातारपणी सुधारला, आधी तर तोंड उघडत नव्हता. आई एक दिवस त्याच्या मागून चालत आली तेव्हा तिला कळलं. त्याला दम लागत होता. चार पावलं चालून छातीत धरायचं, आणि ते कोणाला दिसू नये म्हणून तो थांबून माणसं जोडत होता. डॉक्टरांनी सांगितलं, उशीर करू नका. पप्पा म्हणाला, छाती खोलून आत काय बघनार, मीच सांगतो आत काय हाय ते. डिसेंबरात एका तपासणीला न्यायचं ठरलं होतं तर नेमकं आमचं रिलीज आलं, म्हणजे सॉफ्टवेअर बँकेकडे पाठवायचा दिवस. आई त्याला घेऊन गेली, आणि तो दवाखान्याच्या फाटकावरूनच परत फिरला. का, तर पोरगी नव्हती. आता पुन्हा तारीख मिळाली होती, यावेळी थेट भरतीची, राहिलेली तपासणी तिथेच होणार होती. मी विचारलं, येशील ना? त्याने जाळ्यातून मान वर केली नाही. "तू आसशील तर बगू." बगू म्हणजे नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना कळतं. त्याचा विश्वासच उडाला होता की कंपनी मला सोडेल, आणि त्याला कोणत्या तोंडाने सांगू की सोडेल? अश्लेषाकडे मी रजा मागितली होती. ती दुष्ट नाही. "वडिलांचं ऑपरेशन म्हणजे काय, जायलाच हवं तुला," म्हणाली. "फक्त हे मयत गिऱ्हाइकाचं प्रकरण शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पास करून दे. क्लायंट येऊन बसलाय गं, मला नाहीतर तुला सोडताच येणार नाही." आणि मयत करायला असं गिऱ्हाईक हवं होतं की ज्याच्याकडे सगळ्या प्रकारची खाती आहेत, वर्षानुवर्षांचा व्यवहार आहे. असं गिऱ्हाईक आमच्याकडे एकच होतं. दुसरं उभं करायला आठवडा गेला असता. म्हणजे बापाजवळ बसायचं असेल तर आधी त्याला मारायचं, असा तो हिशोब होता.

मी या कंपनीवर फार चिडते, पण तिला दुसऱ्या कोणी नावं ठेवलेली मला खपत नाही. चिडते ती कशावर? बंदरातल्या देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, सणाला तीन वर्षं मी नव्हते. मिस्सा चालू असताना पर्समध्ये मोबाइल थरथरतो आणि शेजारची म्हातारी माझ्याकडे असं बघते की मीच सैतान. पँट्रीत मायक्रोवेव्हवर चिकटवलंय, कृपया मासे गरम करू नयेत. त्यावर नाव कोणाचं लिहिलेलं नव्हतं, पण मजल्यावर मासे आणणारी मी एकटीच होते, त्यामुळे लिहायची गरजही नव्हती. त्या दिवसापासून मी उपमा नेते. तिशी उलटली तरी माझं काही जमलेलं नाही, आणि आईला खात्री आहे की हे सगळं त्या काचेच्या इमारतीमुळे. पण त्याच कंपनीने आई-बापांचा विमा आपल्या खर्चाने काढलाय. डॉक्टरांनी बायपास शब्द उच्चारला तेव्हा मला रडायला आलं, पण घाबरायला झालं नाही, ते त्या विम्यामुळे. बंदरावरची बाई कोणत्या दवाखान्यात जाते आणि किती वेळ बाकड्यावर बसते ते मी लहानपणापासून बघितलंय. मला तिथे कोणी बसवून ठेवणार नव्हतं. आणि दुसरं म्हणजे, मला ते काम आवडतं. संध्याकाळी कंपनीची बस खाडीच्या पुलावर आली की दूरवर होड्यांचे दिवे दिसतात, आणि मला उगाच वाटतं की पप्पा आणि मी एकाच पाण्यावर पोट भरतो, फक्त मी वरून जाते. हे कोणाला सांगायची सोय नाही. कौस्तुभ शेजारी डुलक्या काढत असतो.

कौस्तुभ आमचा डेव्हलपर, म्हणजे मी ज्यात चुका काढते ते बनवणारा. राहतो वसईतच, स्टेशनजवळच्या नव्या बिल्डिंगीत, पण पाचूबंदर त्याने फक्त पाटीवर वाचलंय. मयताचा स्क्रीन त्यानेच बनवला होता. दुपारी मी तो उघडला. मृत्यूची तारीख. दाखल्याचा नंबर. खबर देणाऱ्याचं नाव. मी माझं नाव टाकलं, उगाच, बोटांनी टाकलं. पुढे नातं. तिथे लिहायचं नसतं, यादीतून निवडायचं असतं. यादी उघडली: पत्नी, पती, मुलगा, भाऊ, वकील, इतर. मी दोनदा वरखाली करून बघितली. मुलगी नव्हती. मला एकदम इतका राग आला की सकाळपासून जे काही साठलं होतं ते सगळं त्या यादीवर निघालं. मी चूक नोंदवली, आणि गंभीर म्हणून नोंदवली. पाच मिनिटांत कौस्तुभ खुर्ची सरकवत आला.

"प्रीतल, यार, हा काय डिफेक्ट आहे? मुलगी नाही म्हणून सीरियस? 'इतर' सिलेक्ट कर ना."

"मुलगी इतरांत कशी येईल?"

"क्लायंटने दिलेली यादी आहे. मी काय करू?"

"त्यांच्याकडे मुली जन्माला येत नाहीत का?"

"अगं पण आपल्या सॅन्टनला तरी कुठे मुलगी आहे?"

"आहे," मी म्हणाले. "मी आहे."

तो आधी हसला. मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. मी म्हटलं, सॅन्टन माझा बाप आहे, पाचूबंदरला राहतो, सोमवारी त्याची छाती खोलणार आहेत. हे मी मोठ्याने बोलले असणार, कारण आजूबाजूच्या खुर्च्या वळल्या आणि अश्लेषा तिच्या केबिनमधून बाहेर आली. तिला सगळं पुन्हा सांगावं लागलं. ती माझ्या ड्रॉवरच्या पेटीवर बसली. "म्हणजे सोमवारचे ते, तेच हे? आणि मी सकाळी काय बोलून गेले." "अगं मग सांगायचंस ना कधीतरी. पाच वर्षं आम्ही तुझ्या वडिलांना काय काय केलं. मी एकदा त्यांना दिवाळखोर केलं होतं." "दोनदा," मी म्हणाले. "दुसऱ्यांदा तर त्यांची गाडी ओढून नेली." पलीकडून कोणीतरी हसू दाबलं, आणि मलाही हसू आलं, आणि त्या हसण्यात मला पहिल्यांदा जाणवलं की ही माणसं मला आवडतात. वर्षानुवर्षं मी त्यांच्यात उपमा खात बसले होते, आणि सांगितलं असतं तर त्यांनी सॅन्टनची रोज खबर घेतली असती. कौस्तुभ म्हणाला, "तू कँटीनला जा. चहा पी. मी करतो हे, परत येशील तोवर झालेलं असेल." तो मनापासून म्हणत होता. मी उठलेसुद्धा. मग पुन्हा बसले. आमच्याकडे माणूस गेला की डोळे घरच्याने मिटायचे असतात. तिथे कौस्तुभचं काय काम? मी म्हटलं, मीच करते, पण मला एक मदत कर. साल पुढे ने.

आमच्या तपासणीच्या बँकेचं कॅलेंडर आमच्या हातात असतं. व्याज किती चढतं ते बघायला खरी वर्षं थांबून कसं चालेल? म्हणून आम्ही तारखा पुढे ढकलतो. बाहेर 2006 चालू होतं तेव्हा त्या बँकेत 2011 होतं, आणि सॅन्टनला 2011 मध्ये मारायचं होतं. तेही मला जवळ वाटत होतं. "कुठवर नेऊ?" कौस्तुभने विचारलं. मी म्हटलं, नव्वदीचा होईपर्यंत. त्याने डोकं खाजवलं. पुढच्या सालांची सुट्ट्यांची यादीच भरलेली नाही, म्हणाला. वर्षाला निदान एक सुट्टी नोंदवलेली नसेल तर ते साल उघडत नाही, बँक आदल्या एकतीस डिसेंबरलाच अडकून बसते. कोणती सुट्टी? कोणतीही, एक टाकली की झालं. "मग मी नाताळ टाकते," मी म्हणाले. आम्ही दोघांनी अश्लेषाकडे बघितलं. तिने घड्याळाकडे बघितलं, आणि म्हणाली, "टेस्ट केसमध्ये लिही, वयोवृद्ध गिऱ्हाईक. पण संध्याकाळपर्यंत व्हायला हवं." या कंपनीची मला ही गोष्ट फार आवडते. तिथे कशालाही नाव मिळतं, आणि नाव मिळालं की ते काम होतं.

मग मी नाताळ भरत बसले. पंचवीस डिसेंबर, साल, नाताळ, सेव्ह. मी एक साल उघडायची, कौस्तुभ पलीकडून बँक त्यातून पळवायचा, महिनाअखेर, तिमाही, वर्षअखेर, आणि सॅन्टन एका वर्षाने मोठा व्हायचा. पहिले चार-पाच मी भराभर टाकले. मग माझा वेग कमी झाला. आमच्याकडे नाताळला होडी जात नाही. पप्पा बांबूच्या कामट्यांचा तारा करतो, त्याला पतंगाचा कागद लावतो, आणि तो घरावर न लावता होडीच्या डोलकाठीवर लावतो. का, तर म्हणे घर कुठे हरवत नाही. लहानपणी मी आणि तो नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा घेऊन त्या बांधलेल्या होडीत जाऊन बसायचो आणि आई किनाऱ्यावरून हाका मारायची. पंचवीस डिसेंबर, सेव्ह. या साली तो पंचाहत्तरीचा झाला, ओट्यावर बसून ताऱ्याच्या कामट्या दुसऱ्या कोणाकडून तासून घेतोय आणि तासणाऱ्याला शिव्या घालतोय. सेव्ह. या साली त्याला ऐकू कमी येतंय, मी ओरडून सांगतेय की पप्पा तुझी ठेव पिकली. या साली आईचे गुडघे बोलले असतील. या साली कंपनी आहे का, ती इमारत आहे का, कोणाला ठाऊक. मी असेन, पण मी कशी असेन ते मात्र मला दिसेना. त्याला मी प्रत्येक नाताळात ठसठशीत बघत होते, सदऱ्याचं बटणसुद्धा, आणि स्वतःला बघायला गेले की फक्त त्याच्याशी बोलणारा आवाज. म्हणून मी तिकडे बघायचं सोडलं आणि पुढचं साल उघडलं. ऐंशी झाली. पंच्याऐंशी. व्याजावर व्याज चढून सॅन्टनची ठेव एवढी झाली की रकाना पुरेना, ती एक नवीनच चूक निघाली. कौस्तुभने ती मुकाट्याने लिहून घेतली. मधल्या वेळात त्याने यादीत मुलगी घातली होती, पत्नीच्या खाली आणि मुलाच्या वर. तेवढ्यासाठी मी त्याला अजून मानते.

नव्वदावा वाढदिवस गेला तसं मी म्हटलं, बस. मृत्यूची तारीख टाकली. खबर देणारी, प्रीतल. नातं, मुलगी. मशीनने विचारलं, नक्की का? मी हो म्हटलं. खाती एकेक करून राखाडी झाली, कार्डं बंद, लॉकर बंद, आणि जोडखातं आईच्या नावावर एकटं उरलं. बाकी काहीच झालं नाही. मला वाटलं होतं काहीतरी होईल. मी मागे बघितलं तर कौस्तुभ खुर्चीतून उठून उभा होता आणि त्याच्यामागे अश्लेषा पण. एका खोट्या गिऱ्हाइकासाठी दोन शहाणी माणसं हात बांधून उभी होती. मी पास असं लिहिलं, मेल पाठवली, आणि अश्लेषाने उभ्या उभ्याच माझी रजा मंजूर केली.

बसमध्ये कौस्तुभ त्या दिवशी झोपला नाही. "सोमवारी मी येऊ का तिकडे?" त्याने विचारलं, मी म्हटलं बघू, आणि मग मला आमच्या घरातलं बगू आठवून कसंतरी झालं. पण माझं डोकं वेगळ्याच गोष्टीत होतं. आता घरी गेल्यावर पप्पा विचारणार. त्या खेळात मी त्याच्याशी कधी खोटं बोलले नव्हते, बुडालास तरी बुडालास असं सांगितलं होतं. पण सोमवारी ज्याला टेबलावर झोपवायचंय त्याला शुक्रवारी कसं सांगायचं? हे ऐकून तो मुळीच यायचा नाही. मी ठरवलं, आज काही झालं नाही असं सांगायचं.

तो ओट्यावर होता, मांडीवर जाळं. आई दारात सुके बोंबील निवडत होती. मी चपला काढल्या.

"रजा मिळाली," मी म्हणाले. "सोमवारपासून पूर्ण आठवडा."

"बरं," तो म्हणाला. "आज माजं काय झालं?"

"आज काही नाही. सुट्टी होती तुला."

"शुक्रवारची कसली सुट्टी?" त्याने मान वर केली. समुद्रावर आयुष्य गेलेल्या माणसाची नजर वाईट असते, लांबचं बघायची सवय, जवळचं तर सोडतच नाही. "सांग."

"तू गेलास पप्पा आज."

आईच्या हातातलं सूप खाली आलं. "तोंडाला काय लागलंय गं तुज्या? सोमवारी मानसाला दवाखान्यात न्यायचंय आनि घरात पाय ठेवते नाय तोवर," ती सुरूच झाली असती, पण पप्पाने तिला हातानेच थांबवलं.

"कसा गेलो? पान्यात?"

"नाही. म्हातारा होऊन. नव्वदीचा होतास."

"नव्वद?" त्याला ते आवडलं, लपवता आलं नाही. "दात होते?"

"ते बँक विचारत नाही."

तो हसला. दम लागेपर्यंत हसला, मग छातीवर हात ठेवून थांबला, आणि थोड्या वेळाने सुईत पुन्हा सूत ओवायला लागला. मला वाटलं झालं, सुटले. त्याने सूत ओवलं, ओढलं, आणि जाळ्याकडे बघतच विचारलं, "बँकेत सांगाया कोन गेलं?"

"मी."

"तवा तू केवडी?"

मी मनात हिशोब केला. हा आकडा माझ्याही ध्यानात आधी कधी आला नव्हता. "पंचावन्न-छप्पन."

"आनि बरोबर कोन होतं तुज्या?"

"तिथे एकाच माणसाचं नाव लागतं, पप्पा. खबर देणारा एकच."

"नाव ऱ्हाऊ दे. तू कोनाबरोबर गेलीस?"

मला त्या बँकेचं सगळं माहीत होतं, व्याजाचा दर, रकान्याची लांबी, कोणतं साल कोणत्या सुट्टीने उघडलं. आणि तो काय विचारतोय तेही मला कळत होतं. "एकटीच गेले," मी म्हणाले, आणि दुपारपासून जे आलं नव्हतं ते रडू मला तिथे चौकटीत उभ्या उभ्या आलं. मी त्याच्यासाठी रडत होते की त्या छप्पन वर्षांच्या बाईसाठी, ते मला सांगता येणार नाही. मला त्याच्या जिवाची भीती वाटत होती आणि तो मला फार हवा होता, एवढंच होतं. आई उठून आली आणि बोंबलाच्या हातांनीच तिने माझं डोकं धरलं. पप्पा उठला नाही. तो तसा कधी जवळ येत नाही. त्याने सुई जाळ्यात टोचून ठेवली आणि जाळं मांडीवरून बाजूला सारलं.

"सोमवारची पिशवी भर," तो आईला म्हणाला.

आईचे हात माझ्या केसांत थांबले. "जायाचं बोलतोस?"

"जायाला पायजे. हिच्याबरोबर बँकेत जानारं कोनतरी मिळंपरेंत तरी मला ऱ्हायला पायजे."